शंभरावर चार

"बारा बावन्न," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बसला होता की दादाने कानामागे हात धरून पुन्हा विचारलं.

"किती?"

"बारा मिनिटं बावन्न सेकंद. आता ऐकू आलं? की दवंडी पिटू?"

पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत आलेली भिंगरी चुन्याच्या रेघेपलीकडे गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता. तिला आकडा सांगायची गरजच नव्हती. वर्षभर रोज धावणाऱ्याच्या पायांना घड्याळाच्या आधीच कळतं.

दोराच्या कारखान्याच्या मागच्या फाटकाशी रविवारी सकाळी सगळं घर जमलं होतं, आणि हे घर एका जागी जमलं की भांडणाला वेगळं आमंत्रण लागत नाही. अण्णा, आत्याचे वडील, खुर्चीत बसले होते. त्यांचा थोरला दादा हात मागे बांधून उभा होता. दादाचं लग्न कारखान्याशीच लागलंय असं सगळे म्हणत, आणि तोही ते नाकारत नसे. त्याच्या पाठचा, ज्याला लहानथोर सगळे भाऊच म्हणत, तो भिंगरीचा बाप. तो नेहमीसारखा गप्प होता. आणि भिंगरीची आई, आत्याची वहिनी, टॉवेल हातात धरून उभी होती, पण लेकीजवळ जायचा तिला धीर होत नव्हता.

प्रश्न साधा होता. सैन्यभरतीच्या चाचणीत मुलींना चोवीसशे मीटर साडेबारा मिनिटांत धावावे लागतात. गेल्या वर्षी भिंगरीला बारा एक्केचाळीस लागली होती. अकरा सेकंदांपायी घरी परत आली. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती, आणि ती तीन आठवड्यांवर आलेली. अर्ज मागे घ्यायचा तर उद्या पाचपर्यंत. म्हणून दादाने आठ दिवसांपूर्वी जेवता जेवता अट घातली होती: "रविवारी सगळ्यांसमोर धाव. साडेबाराच्या आत आलीस तर मी स्वतः तुला मैदानावर घेऊन जाईन. नाही आलीस तर अर्ज मागे, आणि सोमवारपासून कारखाना." भिंगरीने खाली मान घालून हो म्हटलं होतं. आत्याने मात्र ताटावरून उठून दादाला चार शब्द सुनावले होते, त्यातले दोन इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आता ती अट पुरी झाली होती, पण उलट्या बाजूने. अकरा सेकंदांनी नापास झालेली पोर वर्षभर घाम गाळून आणखी अकरा सेकंदांनी मागे गेली होती.

"चला, आत चला," दादा म्हणाला. "रस्त्यावर तमाशा नको."

दोर वळायची शेड रविवारी बंद असते. यंत्रं गप्प होती, तरी तेलाचा आणि काथ्याचा वास होताच. दोराच्या भेंडोळ्यांवर सगळे बसले. वहिनीने चहा आणला. भिंगरी बाहेर नळाखाली डोकं धरून उभी राहिली.

"मी काही तिचा वैरी नाही," दादाने सुरुवात केली. "पण आकडे बघा ना. तिकडे अकरा कमी पडले, इथे बावीस पडतात. वर्षभर आपण पोरीला उलटं धाववलं की काय?"

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का?" आत्या म्हणाली.

"माझी जीभ सोड. तुझी वही काढ. तूच लिहितेस ना?"

आत्याने वही काढली. तिचं शिवणाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं, आणि गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीतच शेवटच्या पानांवर भिंगरीच्या वेळा होत्या. गेल्या वर्षीच्या चाचणीनंतर अण्णांनी कालव्याकाठचा रस्ता मोजून दिला. त्यावर पहिल्याच दिवशी तेरा अकरा. तेव्हा सगळे म्हणाले, मन थाऱ्यावर नाही तिचं. मग तेरा पाच, तेरा, बारा अठ्ठावन्न. आणि गेले तीन आठवडे बारा बावन्न, जागचं हलायला तयार नाही.

"बघ, बारा बावन्नच," दादा म्हणाला.

"सुधारतेय ती! तेरा अकरावरून आलीय!"

"तुझ्या वहीत सुधारतेय गं. भरतीवाले तुझी वही बघणार आहेत का?"

आत्याने मदतीसाठी वहिनीकडे पाहिलं. ह्या घरात दादाच्या विरुद्ध मत पडायचं तर ते वहिनीचं, ही तिची पक्की बेरीज होती. वहिनीने कपबशा नीट लावल्या, उगाच पुन्हा लावल्या, आणि म्हणाली, "मला वाटतं, दादा म्हणतात ते बरोबर आहे."

"काय?" आत्या जवळजवळ ओरडलीच.

"वन्सं, गेल्या वर्षी चार दिवस ती जेवली नव्हती. तुम्ही घरी गेलात, मी तिच्या उशाशी होते. भिंतीकडे तोंड करून रडायची, आवाजसुद्धा नाही. दुधाने पोळलेलं तोंड आहे माझं. पुन्हा ते बघायची ताकद नाही."

"म्हणजे तिने रडू नये म्हणून तिला धावूच द्यायचं नाही? फितूर झालीस गं तू!"

"झाले," वहिनी म्हणाली. "आई झाल्यावर होतं असं कधीकधी."

भाऊ बुटांच्या नाड्यांकडे बघत बसला. अण्णांनी घसा साफ केला. "रस्ता खडकाळ आहे तो. मैदान सपाट असतं. तेवढा फरक..."

"अण्णा!" दादा म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं! हे तुम्हीच आम्हाला लहानपणी ऐकवायचात."

तेवढ्यात ओल्या केसांनी भिंगरी दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. शेडमध्ये एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, हे तिच्या जन्माआधीपासून सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी कोणी कधी हळू बोललं नव्हतं.

"मीच घेते मागे," ती म्हणाली. "भांडू नका. काका, उद्यापासून मी येते कामाला."

एवढंच बोलली. रडली नाही, चिडली नाही. बावीस वर्षांची पोर, जी लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसत नव्हती म्हणून भिंगरी नाव पडलं, ती भेंडोळ्यावर बसली आणि हलेचना. आत्याने वही मिटली. नापास होणं एक वेळ परवडलं, पण हे असं विझून जाणं बघवेना.

दादाला जे हवं होतं ते मिळालं होतं, पण त्याचाही चेहरा उतरला. त्याला वारस हवा होता, हरलेलं माणूस नको होतं. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"अगं, दोराचं काम काय कमीपणाचं आहे? सांग बघू. तुझ्या पणजोबांपासून ह्या घरचा दोर कुणाला कमी पडलाय का? बोटवाले, बांधकामवाले, कुणालाही विचार. दुसरीकडे शंभर मीटर मागितले की शंभर देतात, तेही ताणून. आपल्याकडे शंभरावर चार. दोन गाठीला, दोन पाण्याला. गाठ मारली, भिजून आखडला, तरी माणसाच्या हातात पुरते शंभर राहिले पाहिजेत. कधी कुणी म्हणालंय, ह्या घरचं माप कमी भरलं म्हणून?"

"नाही म्हणालं," भिंगरी म्हणाली.

आत्याचा कप ओठांपाशीच थांबला.

ती ह्याच घरात वाढली होती, पण गेली पंचवीस वर्षं कापड कापत होती. कापडात अर्धं बोट जास्त गेलं तर बाही लोंबते आणि गिऱ्हाईक परत येतं. दोराच्या घरातला सैल हात तिने मोडून काढला होता, दोन वर्षं सासूची बोलणी खाऊन. कमी भरलं म्हणून कुणी आलं नाही. पण जास्त भरलं, तर कोण येणार होतं सांगायला?

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही तो रस्ता कशाने मोजलात?"

"म्हणजे? मापाच्या दोराने. आणखी कशाने मोजणार?"

सगळ्यांच्या माना खुंटीकडे वळल्या. तिथे तो लटकत होता, तेल पाजलेला, दर दहावर लाल दोऱ्याची खूण असलेला. पणजोबांनी केलेला, आणि झिजला की तेवढ्याच लांबीचा पुन्हा केलेला. गिऱ्हाइकाला दोर द्यायचा तो ह्याच्याशी लावून. दर वेळी चार मीटर वर कोण मोजत बसणार? म्हणून पणजोबांनी ते चार मापातच घालून ठेवले होते. हे घरातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

"तो एकशे चार आहे," आत्या म्हणाली.

मग ती अण्णांकडे वळली.

"किती वेळा टाकलात?"

"चोवीस वेळा," भाऊ म्हणाला. सकाळपासूनचे त्याचे हे पहिले शब्द. "टाकीपर्यंत बारा, परत बारा. दुसरं टोक माझ्या हातात होतं."

"चोवीस चोक?"

"शहाण्णव," भिंगरी म्हणाली, आणि उठून उभी राहिली.

"भलतंच काहीतरी!" दादा म्हणाला, पण त्याच्या आवाजातला जोर कुठे गेला होता कोण जाणे. "अण्णांना एवढं कळत नाही का?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? पलीकडच्या गवंड्याकडे पोलादी फीत आहे. जा कुणीतरी."

भाऊ आधीच गेला होता. आत्याने आपल्या भावाला पळताना शाळेनंतर पहिल्यांदा पाहिलं.

शेडच्या लांबीत दोर सरळ अंथरला. एका टोकावर भिंगरीने पाय दिला, दुसरं टोक दादाने स्वतः ताणून धरलं. दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वास नव्हता. भाऊने फीत लावली. पन्नास. तिथे खडूची खूण. पुन्हा पन्नास. आणि खुणेच्या पुढे दोर होताच. दादा गुडघ्यांवर बसून तो उरलेला तुकडा मोजू लागला, एकदा मोजला, दुसऱ्यांदा मोजला.

"चार," तो म्हणाला. "बोटभरही इकडेतिकडे नाही."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "अख्खं वर्ष! घरात सहा डोकी, आणि सहाच्या सहा डोक्यांना ठाऊक!"

तिने वही उघडली आणि उभ्यानेच गणित केलं. पाय भरून आलेले असताना शहाण्णव मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धं मिनिट. बारा बावन्नमधून तीस काढा. तिने तीनदा काढले. तिन्ही वेळा तेच आलं.

"बारा बावीस," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज असा फुटला की नळावरची कबुतरं उडाली. "अगं बये, बारा बावीस! आज सकाळी तू पास झालीस! आठ सेकंद हातात राखून!"

भिंगरीने तिला मिठी मारली, ओल्या केसांसकट. वहिनी कपबशांचा ट्रे हातात घेऊन तशीच उभी होती. फक्त अण्णा आनंदात नव्हते. खुर्चीचे हात घट्ट धरून ते जमिनीवरच्या दोराकडे बघत होते.

"वर्षभर," ते म्हणाले. "वर्षभर मी माझ्या नातीला... मी गिऱ्हाईक समजून मोजलं गं. हात आपोआप चालला."

भिंगरी त्यांच्यासमोर खाली बसली. "अण्णा, कमी मोजला असतात तर? मी इथे पास होत राहिले असते आणि तिथे जाऊन आपटले असते. तुम्ही मला जास्त धाववलंत ना? मग झालं तर."

म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"दादा," आत्या गोड आवाजात म्हणाली. एवढी संधी ती सोडणार थोडीच. "अंगण खरंच वाकडं निघालं रे."

"कळलं, कळलं."

"नाही, तू मोठा आहेस, तुला आधी कळायला हवं होतं..."

"मी काय म्हणतो, हे तुझं कागदावरचं गणित आहे. तिथे शंभर पोरी असतात, ढकलाढकली असते..."

"सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुझा!"

"बोलू देशील?" दादा ओरडला. मग भिंगरीकडे न बघता, दोर गुंडाळत म्हणाला, "साडेबाराच्या आत आली तर मी नेईन, असं म्हणालो होतो. आली. मी नेतो. शब्द म्हणजे शब्द."

"आणि कारखाना, काका?" भिंगरीने विचारलं.

"मी काय मेलोय? अजून वीस वर्षं कुणी माझ्या हातातून घेऊन बघावा."

भाऊने कोपऱ्यातली चुन्याची बादली उचलली. शहाण्णव मीटर अलीकडे नवी रेघ मारायला तो निघालाही होता. भिंगरीने त्याला फाटकात गाठलं.

"राहू द्या, बाबा. तीन आठवडे हाच रस्ता."

"अगं, आता कशाला उगाच जास्तीचं?" वहिनी म्हणाली.

"शेवटच्या फेरीला माझ्यात काहीतरी उरायला हवं, आई."

वहिनीने लेकीकडे नीट बघितलं. मघाशी भेंडोळ्यावर बसलेली पोर ही नव्हेच. तिने ट्रे खाली ठेवला आणि इतका वेळ हातावर टाकलेला टॉवेल भिंगरीच्या डोक्यावर घालून खसाखसा पुसायला लागली, जरा जास्तच जोरात. "सर्दी होईल," ती म्हणाली. "तीन आठवड्यांवर चाचणी आणि ही ओल्या डोक्याने हिंडतेय." आत्याने ओळखलं, वहिनी परत आपल्या बाजूला आली.

चाचणीच्या दिवशी दादाने कारखान्याचा टेम्पो काढला. पुढे तो आणि अण्णा, मागे बाकीचे दोराच्या गुंडाळ्यांवर. मैदानाला तारेची उंच जाळी होती, आणि घरच्यांना जाळीच्या बाहेर. दंड, उठाबशा, वजनाची पिशवी घेऊन चालणं, हे सगळं सकाळीच पार पडलं. उरलं ते धावणं. चारशे मीटरच्या सहा फेऱ्या. भिंगरीच्या छातीवर एकशे सत्त्याऐंशी नंबर.

वहिनी मैदानाकडे पाठ करून उभी राहिली.

"इतक्या लांब येऊन भिंत बघणार आहेस का?" आत्या म्हणाली.

"तुम्ही सांगा. मी ऐकते. बघणं व्हायचं नाही माझ्याच्याने."

शिट्टी झाली. आत्याने घड्याळ दाबलं, आणि तोंडही सुरू केलं. "निघाली. गर्दीत आहे. बाहेरच्या बाजूला आली, शहाणी आहे. पहिली फेरी दोन मिनिटं एक. ठीक आहे. छान चाललीय. दुसरी, चार तीन. वहिनी, ऐकतेस ना? जास्त वेगाने जातेय, पण चेहरा बघ, चहा प्यायला निघाल्यासारखा!"

"दम लागलाय का?"

"दम तुलाच लागलाय. तिसरी, सहा सहा."

चौथ्या फेरीच्या वळणावर पुढची एक मुलगी धाडकन पडली. मागच्या दोघी तिच्या अंगावर. भिंगरीने स्वतःला कसंबसं सावरलं, बाजूला झाली, तरी एक गुडघा जमिनीला लागलाच. आत्याचं सांगणं तुटलं, ती जाळीला चिकटली.

"काय झालं?" वहिनी म्हणाली. "वन्सं, काय झालं? बोला ना!"

"काही नाही. कुणीतरी पडलं. भिंगरी नाही. भिंगरी धावतेय."

पण धावण्याचा ताल मोडला होता. चौथी आठ एकोणीस. पाचवी फेरी संपली तेव्हा आत्याने घड्याळ पाहिलं आणि दादाला दाखवलं. दहा सत्तावीस. उरलेल्या चारशे मीटरना दोन मिनिटं तीन सेकंद. इतक्या वेगाने तिने आज फक्त पहिल्या तीन फेऱ्या मारल्या होत्या, तेव्हा पाय ताजे होते. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. भाऊने जाळीत बोटं अडकवली. आत्या, जी लग्नातही उखाण्याऐवजी भाषण करून मोकळी झाली होती, ती गप्प झाली.

ती गप्प झाली म्हणून वहिनी वळली.

लेक समोरच्या वळणातून बाहेर पडत होती, गुडघा रक्ताने माखलेला, ओठ घट्ट मिटलेले. वहिनीने क्षणभर पाहिलं. मग तिने चपला काढून फेकल्या आणि जाळीच्या कडेने धावत सुटली.

"अगं ए!" दादा ओरडला.

पन्नाशीची बाई, घरी दोन जिने चढल्यावर कठड्याला टेकणारी, दगडागोट्यांवरून अनवाणी धावत होती. "भिंगरे! हात हलव! मी आलेय बघ! हात हलव, भिंगरे!" वाटेत उभे असलेले इतर पोरींचे आईबाप बाजूला सरकत होते. भिंगरीने मान वळवली नाही, पण तिने ऐकलं. तिचे हात जोरात चालायला लागले, मग पाय. एक मुलगी मागे पडली. आणखी दोन. आत्याला वाटत होतं आता ही थांबेल, आता हिचं संपेल, पण पोरीकडे अजून होतंच, कुठून काढत होती देव जाणे. शेवटच्या सरळ पट्ट्यात जाळीच्या आत लेक आणि बाहेर आई, आणि दोघींमध्ये काही हातभर अंतर पडलं असेल तेवढंच.

आत्याने घड्याळ दाबलं, पण आकड्यावर विश्वास ठेवायची तिची हिंमत झाली नाही. तिने घड्याळ भाऊच्या हातात दिलं. भाऊने ते दादाला दिलं. दादाने ते मुठीत धरलं आणि मूठ उघडलीच नाही. सगळे आतल्या टेबलाकडे बघत राहिले. तिथला अधिकारी एकेक नंबर वाचत होता, अगदी सावकाश, जणू दिवसभर त्याला दुसरं काम नव्हतं.

"एकशे सत्त्याऐंशी. बारा एकवीस. पात्र."

दादाचा आवाज सगळ्यात आधी निघाला. "आमची!" तो शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, मग पलीकडच्या बाईला, मग सगळ्या मैदानाला. "एकशे सत्त्याऐंशी आमची! आमच्या घरची!" भाऊ अण्णांच्या गळ्यात पडला होता. अण्णा विचारत होते, "किती? किती म्हणाले?" आणि चार वेळा ऐकूनही त्यांचं समाधान होत नव्हतं.

आत्या चपला उचलून वहिनीकडे पळाली. वहिनी जाळीला धरून उभी होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, तळपायांतून रक्त येत होतं. पलीकडून भिंगरी लंगडत आली आणि जाळीला कपाळ टेकलं. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याऐवजी तिला रडूच फुटलं. भिंतीकडे तोंड करून नाही. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन, आवाज काढून.

"रड," वहिनी म्हणाली. तिने जाळीतून जातील तेवढी बोटं आत घातली आणि लेकीच्या गालावर टेकवली. "रड गं माझे बाई. हवं तेवढं रड. मी बघतेय."